आक्का का दचकते

मुंगीने आजवर आक्काकडून काय काय करून घेतलं होतं. जिना चढवला, छत्री उघडवली, सुईत दोरा ओववला, एकदा तर मांजरामागे धावायला लावलं. सातव्या शॉटमध्ये आक्काने नुसतं बसायचं होतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

आक्का म्हणजे दीड वीत उंचीची बाहुली. आत पोलादी सांध्यांचा सापळा, वर न वाळणारी माती, अंगावर शिंपीणबाईंनी शिवलेली करडी शाल. मुंगी माझी भाची. तिला मुंगी म्हणतात, कारण ती सरळ रेषेत चालत नाही आणि थांबत तर नाहीच. जेवतानासुद्धा तिचा एक पाय टेबलाखाली चालू असतो. अशा मुलीने धंदा कुठला निवडावा? तर बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो, आणि एका फोटोला सहा मिनिटं. सकाळी नऊला सुरुवात केली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत आक्का जेमतेम तीन सेकंद जगते.

हे हिशेब करायलाच मला तिथे बसवलं होतं. एकतीस वर्षं मी वजनकाट्यावर कारकून होतो. ट्रक रिकामा आला की वजन, भरून निघाला की वजन, मधला फरक तो माल. निवृत्त झाल्यावर बायको दिवसातून किती वेळा फ्रीज उघडते याची मी नोंद ठेवायला लागलो, तेव्हा तिनेच मुंगीला फोन केला. "तुझ्या मामाला कुठेतरी गुंतव गं बाई. नाहीतर मी तरी राहीन किंवा फ्रीज तरी."

मुंगीला माझी गरज होतीच. आदल्या वर्षी त्यांच्या स्टुडिओत कुणाचा तरी धक्का लागून दिवा बोटभर सरकला. पडद्यावर उजेडाने टुणकन उडी मारली आणि चार दिवसांचं काम पाण्यात गेलं. धक्का कुणाचा, तर कुणाचाच नाही. सगळे साधुसंत. तेव्हापासून मुंगीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, नियम केला: आतल्या खोलीत जाईल त्याची दारात नोंद. जावईबापू या सिनेमाचे दिग्दर्शक. शांत माणूस. इतका शांत, की त्याच्या शेजारी बसलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं.

तर मी दाराबाहेर टेबल टाकून बसायचो. रजिस्टरात रकाने आखले होते: कोण, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, आत काय केलं. शेवटचा रकाना मेळाचा. दिवसातून दोन-तीनदा मी स्वतः आत जायचो, कॅमेऱ्यावर कितवा फोटो चालू आहे तो आकडा बघायचो आणि वेळेसमोर लिहायचो. मग अकरा वाजून दहा मिनिटांनी शिंपीणबाई आत गेल्या म्हणजे कुठल्या फोटोच्या सुमारास गेल्या, ते काढता यायचं. साधी गोष्ट. ट्रकवाले माझ्यापुढे बनवाबनवी करू शकले नाहीत, तिथे ही चार कलावंत मंडळी काय करणार.

आता तो सातवा शॉट. एका प्रतीक्षालयात आक्का बाकावर बसली आहे. तिची बहीण, जिच्याशी वीस वर्षं अबोला आहे, तिला एक पत्र वाचून दाखवते. बहीण उजवीकडे बसलेली, पण दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. आपल्याला दिसते ऐकणारी आक्का. चौदा सेकंद. रडायचं नाही, हात उडवायचे नाहीत. नुसतं ऐकायचं.

मला वाटलं, यात कसलं आलंय काम? बसवा बाहुली, काढा एकच फोटो. मुंगीने मला तसं करून दाखवलं. पडद्यावर आक्का मेलेली दिसत होती. बसलेल्या बाईचा श्वास चालतो, पापणी लवते, तेवढं दाखवलं तरच ती बसलेली वाटते. म्हणून बाकाखाली एक स्क्रू बसवला होता. तो दर फोटोला पाव फेरा फिरवायचा, की शालीखालची छाती कणभर वर येते. एकूण एकशे अडुसष्ट फोटो.

सोमवार-मंगळवार असे दोन दिवस खपून शॉट पुरा झाला. मंगळवारी संध्याकाळी आम्ही चौघं कॉम्प्युटरसमोर बसलो.

"ही का दचकली?" जावईबापूंनी विचारलं.

"कुठे दचकली?" मुंगी म्हणाली.

"परत लाव. हे बघ. डावा खांदा वर, डोळे दाराकडे. मुख्याध्यापक वर्गात आल्यासारखी."

"मी खांद्याला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय आक्काने स्वतः उचलला?"

"उचलला असेल. म्हातारी आहे, वारं लागलं असेल."

"ओ, माझ्या शालीवर घेऊ नका हं," शिंपीणबाई म्हणाल्या. "गळ्यापर्यंत बंद आहे. तिला वारं लागणं शक्य नाही."

चौदा सेकंदांत आक्का पाच वेळा दचकली. दर वेळी तीन-चार फोटोंपुरतं. खांदा वर, नजर डावीकडे, मग पुन्हा जागेवर. मुंगीने पाचही ठिकाणं थांबवून थांबवून पाहिली. तिचा पाय टेबलाखाली शिवणयंत्रासारखा चालला होता. गंमत म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. हे मला कळतं. खोटं बोलणारा ट्रकवाला आधी हवापाण्याच्या गोष्टी काढतो. आक्काला हलवलं होतं तिच्याच हातांनी, पण त्या हातांनी तिला काही कळवलं नव्हतं.

बुधवार-गुरुवार पुन्हा तोच शॉट. मुंगीने आक्काच्या डाव्या खांद्याला मागून तार बांधली. गुरुवारी संध्याकाळी पाहिलं, तर खांदा जागच्या जागी होता, पण आक्का मान आखडून घेत होती. सहा वेळा.

जावईबापूंनी कॉम्प्युटर बंद केला. "रविवार संध्याकाळपर्यंत एकदा करून बघ," ते म्हणाले. "नाही जमलं तर सोमवारी मी त्या दुसऱ्या ॲनिमेटरला बोलावतो. त्याने हो म्हटलंय."

"विचारूनही झालं?"

"तारीख हातातून चाललीय, मुंगी."

"आक्का त्याच्या हातात देणार?"

"एक शॉट. फक्त एक."

"एक शॉट काय! तो तिची मान कुठून धरतो ते बघितलंय का तुम्ही कधी? कॉलर धरल्यासारखी धरतो!" मुंगी उठली, दोन खुर्च्यांना धडकली आणि बाहेर गेली. मी सवयीने घड्याळ पाहिलं. सहा वाजून चाळीस.

आक्काचा सापळा मुंगीने स्वतः जोडला होता. तोंड नऊ वेळा मोडून दहाव्यांदा घडवलं होतं. दोन वर्षं ही पोर आक्काचे डोळे टाचणीच्या टोकाने फिरवत होती. दुसऱ्याचा हात एकदा त्या बाहुलीला लागला, की पुढचे अवघड शॉटही त्याच्याकडेच जाणार, हे सांगायला कुणी कारकून नको. आणि नवऱ्यासमोर ती ते कधी बोलून दाखवणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

मी मनाशी ठरवलं की चोर शोधायचा. आक्का दाराकडे बघून दचकते, म्हणजे दारातून कुणीतरी येतं. रजिस्टर माझ्याकडे आहे. मी ते घरी नेलं आणि शुक्रवारी पहाटे जेवणाच्या टेबलावर पसरलं.

खरं सांगायचं तर माझी इच्छा होती की चोर म्हणून जावईबापू निघावेत. माणूस वाईट नाही, पण इतक्या शांत माणसाच्या खात्यावर एखादी तरी चूक असावी, असं आपलं मला वाटत होतं. त्यांच्या दोन्ही वेळच्या मिळून सात फेऱ्या. वेळेवरून फोटोचे आकडे काढले, दचकण्याच्या आकड्यांशी लावले. एकही जुळेना. मग शिंपीणबाई. या बाई सुई शोधायला म्हणून जातात आणि गप्पा मारून येतात, नऊ फेऱ्या. एकही जुळेना. मुंगीच्या सासूचे फोन तीन, त्यांच्यावर माझी बरीच भिस्त होती. तेही कोरडे गेले. वीज गेली होती दोनदा, चहा आला होता आठदा. आक्का या सगळ्यांत ढिम्म बसलेली.

बायको उठून आली. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "काय चाललंय?"

"मुंगीच्या खोलीत कोण जाऊन तिला त्रास देतं ते शोधतोय."

"सापडलं?"

"सगळे बघून झाले. कुणीच नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही जात नाही का आत?"

"मी नोंद करायला जातो," मी म्हटलं. "ते जाणं वेगळं."

ती फ्रीज उघडून दूध काढायला गेली. मी पुन्हा रजिस्टराकडे पाहिलं, आणि या वेळी माझी नजर नावांच्या रकान्यावर नव्हती, शेवटच्या रकान्यावर होती. मेळाचे आकडे: तेवीस, एक्कावन्न, अठ्ठ्याऐंशी, एकशे एकोणीस, एकशे चाळीस. दचकण्याची माझी यादी शेजारीच पडली होती. तेवीस ते सव्वीस. एक्कावन्न ते चोपन्न. पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी मी सगळं वाचलं. दुसऱ्या वेळचे सहाही.

काट्यावर नवीन लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात, ट्रक मोजताना तू स्वतः फळीवर उभा राहू नकोस. एकतीस वर्षांत मी एकदाही राहिलो नव्हतो.

बायकोने चहाचा कप पुढ्यात ठेवला. मी रजिस्टर मिटलं. "काही नाही," मी म्हटलं. तिने "बरं" म्हटलं ते इतक्या पटकन, की तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

आता यावर शहाणपणाचा मार्ग काय, तर गुपचूप बाजूला व्हायचं. मी स्टुडिओत गेलो, गुडघा धरला आणि जाहीर केलं की आजपासून मला आतलं पायरीवरचं चढउतर जमणार नाही, मी बाहेरच बसेन. मेळाचा आकडा मुंगीने जेवायला येताना सांगावा. जावईबापूंनी गुडघ्याला लावायला मलम आणून दिलं. ते मला लावावं लागलं.

नऊ वाजता मुंगी आत गेली. अकरा वाजले. माझी एरवी आत जायची वेळ झाली. मी टेबलाची कड धरून बसलो. सव्वाअकरा. साडेअकरा. खुर्ची करकरली तरी आत ऐकू जाईल म्हणून अवघडून बसलो होतो. बाराच्या सुमारास जावईबापू आत जाऊन आले, त्यांची नोंद केली. ते माझ्या टेबलाशी थांबले.

"काय म्हणते आक्का?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"दचकत नाही."

"छान!"

"पण सारखी दाराकडे बघतेय. विसाव्या फोटोपासून बघतेय. बहीण उजवीकडे वाचतेय आणि ही डावीकडे कुणाची तरी वाट बघतेय."

साडेबाराला मुंगी बाहेर आली. हाताला माती, कपाळाला माती. ती सरळ माझ्या टेबलाशी आली. सरळ आली, यावरूनच मला धोका कळायला हवा होता.

"मामा, तू आत का येत नाहीयेस?"

"गुडघा."

"कुठला?"

मी उजवा दाखवला.

"मलम डाव्याला लावलंयस."

शिंपीणबाई दोरा तोडायच्या थांबल्या. मी रजिस्टर उघडलं आणि दोन्ही याद्या मुंगीसमोर शेजारी शेजारी ठेवल्या. तिने बोट लावून आकडे वाचले. तेवीस, तेवीस. एक्कावन्न, एक्कावन्न. तिचं बोट खालपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"तू आहेस होय," ती म्हणाली.

"मी एक शब्द बोलत नाही गं आत. दाराशी उभा राहतो, आकडा बघतो, जातो."

"आकडा बघतोस. मग घड्याळ बघतोस. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतोस. मग लिहितोस." ती हसत होती, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तू आमच्याकडे राहायला यायचास तेव्हा मी दूध प्यायला बसले की तू समोर घड्याळ काढून ठेवायचास. पाहुण्यांना सांगायचास, आज आमच्या मुंगीने बावीस मिनिटं घेतली. काल एकोणीस होती. सगळे हसायचे."

"तू पण हसायचीस."

"मी काय करणार होते मग? तोंडात दूध होतं."

मला ते बावीस आठवत होते. एकोणीसही आठवत होते. मी ते माझ्या सगळ्या बहिणींच्या घरांत कौतुकाने सांगितलेले होते. पोर कशी रमतगमत पिते म्हणून. वाक्य तोंडापर्यंत आलं, पण शिंपीणबाई चष्मा काढून माझ्याकडे बघत होत्या, म्हणून गिळलं.

"मी घरी जातो," मी म्हटलं. "रविवारपर्यंत येत नाही. मग तर झालं?"

"आणि मी तीन दिवस दाराकडे बघत बसू? आज बघितलं नाहीस का काय झालं ते?" ती दोन फेऱ्या मारून आली. तिसऱ्या फेरीत थांबली. "घड्याळ काढ."

"काय?"

"घड्याळ काढ. पेन ठेव. चल आत."

आतली खोली काळी रंगवलेली, खिडक्या बंद, दोन दिवे फक्त आक्कावर. मुंगीने सकाळचं सगळं काम पुसून टाकलं, म्हणजे आक्काचे तीन सेकंद गेले. मग तिने सेटच्या उजवीकडे, जिथे आक्काची बहीण बसल्याचं आपण समजायचं होतं, तिथे एक बुटकं स्टूल ठेवलं. माझे डोळे आक्काच्या डोळ्यांच्या पातळीवर येईपर्यंत मला खाली-वर केलं. अंगात पांढरा सदरा होता, त्याचा उजेड आक्कावर पडत होता, म्हणून शिंपीणबाईंनी मला काळ्या कापडात गुंडाळलं. "मामा, आता तुम्ही न्हाव्याकडे आल्यासारखे दिसता," त्या कानात पुटपुटल्या.

"मी करायचं काय?" मी विचारलं.

"बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. तू बस, आक्का बसेल."

दोन वाजता सुरू झालं असावं. नक्की सांगता येत नाही.

ज्याला वाटतं बसणं सोपं आहे, त्याने त्या स्टुलावर जाऊन बसावं. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या पाठीला खाज सुटली. मग टाचेला. मग मला वाटलं की आपण किती फोटो झाले ते मनात मोजू या, ते कुणाला दिसत नाही. सातव्या फोटोला मुंगी म्हणाली, "मामा, मोजू नकोस." तिला कसं कळलं, देवाला माहीत. मी ओठ मिटून घेतले.

मुंगी दर फोटोच्या आधी माझ्याकडे बघायची. नुसती नजर टाकल्यासारखी नाही. बघायची. मग आक्काकडे. मग बाकाखालच्या स्क्रूला पाव फेरा, टाचणीने पापणी, ओल्या ब्रशने बोटाचा ठसा पुसायचा, मागे सरकायची, बटण. पुन्हा माझ्याकडे. एकतीस वर्षं मी माणसांकडे असं बघत आलो होतो, पण मधे नेहमी खिडकीची जाळी होती. माझ्याकडे असं कुणी बघितल्याचं मला आठवेना. दर वेळी वाटायचं, हिला काय दिसलं? नाकातला केस? वय? आता काहीतरी म्हणेल. ती काही म्हणायची नाही. त्या न म्हणण्याने जीव अर्धा व्हायचा. दारात उभा राहून मीही काही म्हणायचो नाही, हे मला कधीतरी शनिवारी दुपारी सुचलं. शनिवारी दुपारीच असावं, कारण त्याआधी आम्ही जेवलो होतो.

तिचा पाय मात्र थांबला होता. हे मी आधी पाहिलं आणि मग विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा पाहिलं. काम करताना ती एका जागी उभी होती, पाऊल जमिनीला चिकटलेलं. त्या खोलीतली सगळी चुळबुळ आता माझ्याकडे आली होती.

"दमलास?" तिने एकदा विचारलं.

"छे."

"खोटं बोलतोस. खोटं बोलताना तू भुवई उचलतोस."

"तू माझ्याकडे बघू नकोस, आक्काकडे बघ."

"आक्काचं झालं बघून," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

रविवारी दुपारी शेवटचा फोटो झाला. मी उठायला गेलो तर दोन्ही गुडघे खरोखर धरले होते. मलम लावायला कुणी सुचवलं नाही.

आम्ही चौघं कॉम्प्युटरसमोर बसलो. जावईबापूंच्या हातात फोन होता. त्या दुसऱ्या ॲनिमेटरला संध्याकाळच्या आत काय ते कळवायचं होतं. मुंगीने शॉट लावला.

बहिणीचा आवाज सुरू झाला. आक्का बाकावर बसली होती. श्वास घेत होती. डोळे उजवीकडे, थेट मी बसलो होतो तिथे. पाच सेकंद झाले, सहा झाले. डावा खांदा जागेवर. मी माझा श्वास धरला होता आणि आक्का तिचा सोडत होती. मग नवव्या सेकंदाच्या आसपास, पत्र निम्म्याच्या पुढे जातं तिथे, आक्काच्या मांडीवरच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. तर्जनीच्या पेरावर गेला, मग मधल्या बोटाच्या पेरावर, मग अनामिकेच्या. सावकाश, कुणाला कळू नये असा. ऐकता ऐकता ती म्हातारी पेरांवर काहीतरी मोजत होती. पत्रातले दिवस मोजत असेल, नाहीतर अबोल्याची वर्षं. करंगळीपर्यंत पोचून अंगठा थांबला आणि आक्काने पापणी मिटली.

शॉट संपला. जावईबापूंनी हात लांब करून तो स्वतःच पुन्हा लावला. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी फोन उचलला, बाहेर न जाता तिथेच. "नमस्कार. नाही, उद्या यायची गरज नाही. हो. झालं आमचं." फोन ठेवून ते मुंगीकडे वळले. "अंगठा आपल्या आराखड्यात नव्हता."

"नव्हता."

"कुठून आणलास?"

मुंगी हाताची माती खरवडत होती. "असाच," ती म्हणाली.

शिंपीणबाईंनी मला कोपराने ढोसलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, मांडीकडे बघत होत्या. मीही खाली पाहिलं. माझा उजवा हात तिथे होता, आणि अंगठा तर्जनीवरून मधल्या बोटाकडे निघाला होता.

मी हात खिशात घातला. आतही तो चालूच होता.